संदर्भाचा माग

(नवे संशोधन करण्यापूर्वी शास्त्रज्ञ आधीचे संशोधन शोधतात, त्याच्या नोंदी नीट ठेवतात आणि आपल्या लेखात त्यांचा उल्लेख करतात. हे काम आज संगणकाच्या मदतीने कसे चालते आणि त्यात चूक झाली तर काय होते, हे या पाठात अमरावती व अकोला भागातील उदाहरणे देऊन सांगितले आहे.)



कोणी एखादी नवी गोष्ट सांगितली, की आपण लगेच विचारतो, "हे कशावरून?" प्रश्न लहान आहे, पण सगळे विज्ञान या प्रश्नावर उभे आहे. शास्त्रज्ञ जे सांगतो त्याला आधार लागतो. तो आधार त्याच्या स्वतःच्या प्रयोगाचा असेल किंवा दुसऱ्या कोणी केलेल्या अभ्यासाचा असेल. दुसऱ्याचा आधार घेतला असेल, तर तो कोणाचा, कोणत्या वर्षाचा आणि कोठे छापलेला, हे सांगावे लागते. यालाच संदर्भ देणे म्हणतात.

उर्दूत यासाठी तुम्ही 'हवाला' हा शब्द वापरता. 'अमक्याचा हवाला देऊन तो बोलला' असे आपण मराठीतही म्हणतो. ही कल्पना तुम्हांला नवी नाही. हदीसच्या अभ्यासात कथनाबरोबर ते कोणी कोणाकडून ऐकले, याची साखळी सांगितली जाते. तिला सनद म्हणतात. साखळीतील प्रत्येक माणूस विश्वासू होता का, हे जाणकार पारखून पाहतात. मधली एक कडी कच्ची निघाली, तर सगळ्या कथनाविषयी शंका निर्माण होते. विज्ञानातही असेच असते. एक कच्ची कडी केवढा घोटाळा करते, हे आपल्या सातपुड्यातील एका पक्ष्याच्या गोष्टीवरून कळेल.

रानपिंगळ्याची गोष्ट

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला धारणी आणि चिखलदरा हे तालुके आहेत. मेळघाटचे सागाचे जंगल याच भागात आहे. या जंगलात रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड राहते. त्याची लांबी सुमारे २३ सेंटिमीटर असते. आपल्या गावाजवळ दिसणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर मात्र ठिपके जवळजवळ नसतात. तो दिवसाही शिकार करतो.

या पक्ष्याचे पहिले वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापले. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ज्यांचे नाव वाचले आहे, तेच हे ह्यूम. १८८५ साली राष्ट्रीय सभेची स्थापना करण्यात त्यांचा पुढाकार होता. ज्यांनी या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला, त्या ब्लुइट यांचे नाव ह्यूम यांनी पक्ष्याला दिले. पुढे खानदेशात नोकरीला असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा व तळोदा भागातून काही नमुने गोळा केले. त्यांतील शेवटचा नमुना १८८४ सालचा होता. जगातील सर्व संग्रहालये धुंडाळली, तरी या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते.

त्या सातांपैकी एका नमुन्याच्या चिठ्ठीवर मात्र वेगळी माहिती होती. रिचर्ड मायनर्टझागेन या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याने लिहिले होते, की हा पक्षी आपण १९१४ साली गुजरातमध्ये तापी नदीकाठच्या मांडवी येथे मिळवला. मायनर्टझागेन हा पक्ष्यांचा मोठा जाणकार म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या शब्दावर कोणी संशय घेतला नाही. एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात ती नोंद उतरत गेली. प्रत्येक नवा लेखक आधीच्या लेखकाचा हवाला देई. मूळ नमुना काढून पाहण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही.

डॉ. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञांनाही रानपिंगळा सापडला नाही. हा पक्षी आता पृथ्वीवरून नाहीसा झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले.

यानंतर अमेरिकेतील पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या जुन्या नमुन्यांचा अभ्यास सुरू केला. मायनर्टझागेनच्या संग्रहात लबाडी आहे, असे दाखवणारा ॲलन नॉक्स यांचा लेख १९९३ साली प्रसिद्ध झालेला होता. त्यामुळे रासमुसेन यांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला नाही. नमुन्याची क्ष-किरण चित्रे काढली. त्यात कातडी कशी शिवली आहे आणि आत काय भरले आहे, हे पाहिले. ती डेव्हिडसन यांची पद्धत निघाली! मायनर्टझागेनने डेव्हिडसन यांचा जुना नमुना चोरून, तो पुन्हा भरून, त्याला आपली खोटी चिठ्ठी लावली होती. मांडवीची नोंद साफ खोटी होती.

खोटी कडी निघून गेली आणि खऱ्या जागा उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ साली भारतात आले. आधी पूर्वेकडील जुन्या जागा त्यांनी पाहिल्या. तेथे काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसन यांच्या जागी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. १८८४ नंतर ११३ वर्षांनी एका शास्त्रज्ञाने त्याला खात्रीने ओळखले होते.

त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतील फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुड्यात सर्वेक्षण केले. मेळघाटातही हा पक्षी आढळला. आज मेळघाट हे त्याच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे.

मुलांनो, येथे थोडे थांबून विचार करा. पक्षी जंगलात होताच. तेथील आदिवासींच्या डोळ्यांसमोर तो वावरत असणार. पण पुस्तकातील एका खोट्या नोंदीमुळे शास्त्रज्ञांची दिशा चुकत राहिली. जो पक्षी कोठे आहे हेच माहीत नाही, त्याचे रक्षण तरी कसे करणार? खोट्या संदर्भाने किती नुकसान होते आणि मूळ संदर्भ तपासल्याने किती लाभ होतो, हे या एका गोष्टीत दिसते.

पूर्वीची पद्धत

रासमुसेन यांना संग्रहालयांत जाऊन जुन्या चिठ्ठ्या व जुने ग्रंथ पाहावे लागले. सगळ्याच संशोधकांचे काम तेव्हा असे चाले. ग्रंथालयात लाकडी कपाटाच्या लहान लहान खणांत कार्डे लावलेली असत. एका कार्डावर एका पुस्तकाची माहिती असे. हवा तो लेख आपल्या गावात नसेल, तर लेखकाला पत्र लिहून त्याची प्रत मागवत. दिल्लीत १९५२ साली 'इन्सडॉक' ही संस्था स्थापन झाली. तिच्याकडे पैसे भरले की लेखाची नक्कल टपालाने येई. कधी कधी त्यात कित्येक आठवडे जात.

आता चित्र बदलले आहे. ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स'चे जुने अंक पानन्‌पान संगणकावर वाचता येतात. जगातील मोठ्या ग्रंथालयांनी मिळून 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' हे मोफत डिजिटल ग्रंथालय उभारले आहे. त्यात जीवसृष्टीवरील असे हजारो जुने ग्रंथ आहेत. धारणीच्या मुलालाही आज ते पान पाहता येते. पण पान समोर येणे वेगळे आणि नेमके पान शोधून काढणे वेगळे. त्यासाठी पद्धत शिकावी लागते.

पहिली पायरी : शोधणे

पद्धत समजण्यासाठी आता अकोल्याला जाऊ. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना तेथे १९६९ साली झाली. समजा, या विद्यापीठातील एका विद्यार्थिनीला कापसावरील गुलाबी बोंडअळीचा अभ्यास करायचा आहे. विषय महत्त्वाचा आहे. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या कापसाच्या झाडातच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार होते. पुढे गुलाबी बोंडअळीला त्या प्रथिनाची बाधा होईनाशी झाली. २०१७ च्या खरिपात या अळीने वऱ्हाडासह महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान केले. शेतकऱ्याला काय सल्ला द्यायचा, हे चुकीच्या माहितीवरून ठरवले, तर पुढचे पीकही हातचे जाईल.

ती विद्यार्थिनी प्रथम आपला प्रश्न नेमका करते. 'कापसावरील अळी' एवढेच लिहून शोधले, तर हजारो लेख पुढे येतील. म्हणून ती ठरवते, 'गुलाबी बोंडअळीत बीटी प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्ती प्रथम कोठे आढळली?'

मग ती शब्द निवडते. येथे एक अडचण असते. एकाच किड्याला अनेक नावे असतात. मराठीत कोणी गुलाबी बोंडअळी म्हणतात, कोणी शेंदरी बोंडअळी म्हणतात. उर्दू व हिंदीत तिला गुलाबी सुंडी म्हणतात. इंग्रजी नाव आणखी वेगळे. पण तिचे शास्त्रीय नाव जगभर एकच आहे : पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. शास्त्रीय नावाने शोधले की चीनमधला लेखही सापडतो आणि पाकिस्तानातलाही.

शब्दांची जोडणीही करता येते. दोन शब्दांमध्ये 'आणि' या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला, की दोन्ही शब्द असलेलेच लेख येतात. 'किंवा' घातले, की दोहोंपैकी एक शब्द असला तरी चालते. 'वगळून' घातले, की नको असलेले लेख बाजूला पडतात. पीठ चाळताना जाड चाळणी, बारीक चाळणी वापरतात, तसेच हे आहे.

कोठे शोधायचे हेही ठरवावे लागते. 'गूगल स्कॉलर' हे शोधयंत्र २००४ साली सुरू झाले. ते विशेष करून संशोधनाचे लेख शोधते. भारतातील कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या डिजिटल भांडारात ठेवले जातात. इतर विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' येथे मिळतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे प्रबंधही तेथे आहेत. 'शोधगंगा' गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' या संस्थेने उभारली असून ती सर्वांना मोफत खुली आहे.

पुष्कळ नियतकालिकांचे लेख मात्र मोफत नसतात. त्यांची वर्गणी फार मोठी असते. यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना व संशोधन संस्थांना वाचता यावीत, अशी तिची आखणी आहे. मुंबई-दिल्लीच्या संस्थेला जे वाचता येते, तेच लहान शहरातील सरकारी महाविद्यालयालाही वाचता यावे, हा तिचा हेतू आहे.

शोधताना त्या विद्यार्थिनीला धुरुआ आणि गुजर यांचा २०११ सालचा लेख सापडतो. गुजरातमधील अमरेली येथील गुलाबी बोंडअळ्यांत अशी प्रतिकारशक्ती आल्याचे त्यात दाखवले आहे. ती प्रथम लेखाचा सारांश वाचते. उपयोगाचा वाटला, की संपूर्ण लेख वाचते.

एक चांगला लेख हाती आला, की त्यावरून दोन वाटा निघतात. एक वाट मागे जाते. लेखाच्या शेवटी ज्या जुन्या लेखांची यादी असते, ते लेख ती काढून वाचते. दुसरी वाट पुढे जाते. २०११ नंतर या लेखाचा हवाला कोणी कोणी दिला, हे संगणक दाखवतो. ते लेख वाचले, की नंतर काय काय कळले, कोणी सहमती दाखवली, कोणी विरोध केला, हे समजते. पुढे जाण्याची ही सोय अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली छापील सूचीच्या रूपाने प्रथम मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिली. आज तेच काम संगणक क्षणात करतो.

दुसरी पायरी : नीट ठेवणे

लेख सापडले, पण नंतर हाती लागले नाहीत, तर काय उपयोग? शे-दीडशे लेखांतून 'ते वाक्य आपण कोठे बरे वाचले?' असे शोधत बसण्यात दिवस जातात. म्हणून सापडलेल्या प्रत्येक लेखाची नोंद लगेच करावी. नोंदीत लेखकाचे नाव, लेखाचे नाव, नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड आणि पाने असावीत.

हे काम करणारी संगणकीय साधने आहेत. 'झोटेरो' हे त्यांतील एक. ते २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले आणि मोफत मिळते. संगणकावर लेख उघडून एक खूण दाबली, की त्याची सारी माहिती 'झोटेरो'त जमा होते. प्रत्येक लेखाला आपण खूणशब्द देऊ शकतो. उदाहरणार्थ, 'प्रतिकारशक्ती', 'वऱ्हाड', 'कामगंध सापळे'. पुढे त्या शब्दावर बोट ठेवले, की त्या विषयाचे सर्व लेख एकत्र दिसतात. किराणा दुकानात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, तशीच ही व्यवस्था आहे.

वाचताना काढलेली टिपणेही तेथेच ठेवता येतात. टिपण काढताना एक पथ्य पाळावे. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील, तर ते अवतरणचिन्हांत घालावे व पानाचा क्रमांक लिहावा. आपल्या शब्दांत लिहिले असेल, तर तसे समजेल असे लिहावे. हे पथ्य पाळले नाही, तर काही महिन्यांनी दुसऱ्याचे वाक्य आपलेच वाटू लागते आणि ते आपल्या नावावर छापले जाते. यालाच वाङ्मयचौर्य म्हणतात. ती न कळत झाली, तरी चोरीच असते.

तिसरी पायरी : संदर्भ देणे

आता ती विद्यार्थिनी आपला प्रबंध लिहू लागते. ती लिहिते, 'अमरेली येथील गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती आढळली (धुरुआ आणि गुजर, २०११).' कंसातील दोन नावे आणि वर्ष एवढ्यावरून वाचकाला मूळ लेखापर्यंत जाता येते. काही नियतकालिकांत नावांऐवजी क्रमांक घालतात. कोणती पद्धत हवी हे सांगितले, की 'झोटेरो' सर्व संदर्भ त्या पद्धतीने मांडून देते.

शास्त्रीय नावातही संदर्भ दडलेला असतो. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला या नावापुढे कंसात 'साँडर्स' असे लिहिलेले आढळते. एकोणिसाव्या शतकात भडोचच्या कापसावरील या किड्याचे वर्णन प्रथम ज्यांनी केले, त्यांचे हे नाव आहे. एक शब्द लिहून शास्त्रज्ञ त्यांची आठवण ठेवतात.

संकेतस्थळांचे पत्ते बदलतात. मग आज दिलेला संदर्भ उद्या कसा सापडणार? यासाठी २००० सालापासून लेखांना कायमचा क्रमांक देण्यात येऊ लागला. त्याला 'डीओआय' म्हणतात. शेताला जसा गट नंबर असतो, तसाच हा क्रमांक समजा. मालक बदलला, तरी गट नंबरावरून शेत सापडते. त्याचप्रमाणे लेख एका संकेतस्थळावरून दुसरीकडे हलवला आणि प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवला, की जुन्याच क्रमांकावरून लेख सापडतो.

यंत्र शोधते, पारखतो माणूस

साधने कितीही चांगली असली, तरी त्यांच्यावर डोळे मिटून विसंबून चालत नाही. यंत्रात चुकीचे वर्ष भरले गेले, तर यंत्र तेच चुकीचे वर्ष सुबक अक्षरांत छापून देते.

शिवाय छापलेला प्रत्येक लेख खरा असतोच असे नाही. मोठी चूक किंवा लबाडी उघडकीस आली, तर नियतकालिक तो लेख मागे घेते. मागे घेतलेला लेख आपल्या संग्रहात असेल, तर 'झोटेरो' २०१९ पासून तशी सूचना देते. पण ही सूचना वाचून तो लेख बाजूला ठेवणे माणसाच्याच हाती आहे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने आली आहेत. प्रश्न विचारला की ती झटपट उत्तर देतात आणि संदर्भही देतात. पण कधी कधी त्यांनी दिलेला लेख जगात अस्तित्वातच नसतो! लेखकाचे नाव, वर्ष, पाने, सारे खरे भासते, पण असा लेख कोणी लिहिलेलाच नसतो. २०२३ साली न्यूयॉर्कमधील वकिलांनी अशा साधनाने दिलेले खोटे खटले न्यायालयापुढे दाखले म्हणून ठेवले. न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. यंत्राने सांगितले होते, ही सबब न्यायालयाने मानली नाही.

मायनर्टझागेनची चिठ्ठीही खरी भासत होती. तिच्यावर जागा होती, वर्ष होते, नामांकित माणसाचे नाव होते. फक्त खरेपणा नव्हता. म्हणून नियम एकच आहे : मूळ पाहिल्याशिवाय हवाला देऊ नये. मूळ मिळालेच नाही, तर 'अमक्याच्या लेखातून घेतले' असे सरळ सांगावे. त्यात कमीपणा नाही.

तुम्हांला काय करता येईल?

हे सारे मोठ्या शास्त्रज्ञांसाठीच आहे, असे समजू नका. शाळेत तुम्ही प्रकल्प करता. 'आमच्या गावातील पक्षी', 'कापसावरील किडी', 'नरनाळ्याचा किल्ला' असे विषय तुम्हांला मिळतात. संगणक नसला, तरी साधी वही पुरते. प्रत्येक माहितीपुढे चार गोष्टी लिहा : कोणी सांगितले, कशात छापले, कोणत्या वर्षी आणि कोणत्या पानावर. आजोबांनी सांगितले असेल, तर आजोबांचे नाव व तारीख लिहा. एखाद्या शेतकऱ्याने सांगितले असेल, तर त्याचे नाव व गाव लिहा. माणसाच्या अनुभवाचाही हवाला देता येतो.

एकच माहिती दोन ठिकाणी वेगवेगळी आढळली, तर घाबरू नका. दोन्ही लिहा आणि दोहोंचे संदर्भ द्या. मग तिसऱ्या ठिकाणी तपासा. असा तपास करणारा मुलगा किंवा मुलगी शास्त्रज्ञाच्याच वाटेवर चालत असते.

कृषी विद्यापीठे शेतकऱ्यांना सांगतात, की कापसाची फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढून नष्ट करा, कामगंध सापळे लावा. हा सल्ला कोणाच्या तरी मनात सहज आलेला नाही. त्याच्या मागे कित्येक शेतांतील निरीक्षणे आणि कित्येक लेख आहेत. ती साखळी पक्की असेल, तरच सल्ला पक्का. शेतकरी तो सल्ला ऐकून आपले वर्षभराचे पीक पणाला लावतो. म्हणून संदर्भ लिहिताना हात आखडू नये आणि तो तपासताना आळस करू नये.

शब्दार्थ

संदर्भ – हवाला, आधाराचा उल्लेख
माग – पाऊलखुणा, वाट
नमुना – अभ्यासासाठी जपून ठेवलेला पक्षी, प्राणी किंवा वस्तू
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे मासिक, त्रैमासिक इत्यादी
प्रबंध – पदवीसाठी लिहिलेला संशोधनाचा ग्रंथ
प्रतिकारशक्ती – बाधा होऊ न देण्याची ताकद
सारांश – थोडक्यात सांगितलेला मजकूर
वाङ्मयचौर्य – दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर दाखवणे
फरदड – कापसाचे पीक संपल्यावर तेच झाड राखून घेतलेले पुढचे पीक
पऱ्हाटी – कापसाचे झाड
पथ्य पाळणे – ठरवलेला नियम सांभाळणे
विसंबणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) रानपिंगळ्याचे पहिले वर्णन कोणी व केव्हा छापले?
(२) रानपिंगळा पुन्हा केव्हा व कोठे दिसला?
(३) कृषी विद्यापीठांचे प्रबंध कोणत्या भांडारात मिळतात?
(४) 'डीओआय' क्रमांकाचा उपयोग काय?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मांडवीची नोंद खोटी आहे, हे रासमुसेन यांनी कसे शोधून काढले?
(२) किड्याविषयी माहिती शोधताना शास्त्रीय नाव का वापरावे?
(३) एका चांगल्या लेखावरून मागे आणि पुढे जाणाऱ्या वाटा कोणत्या?
(४) 'यंत्र शोधते, पारखतो माणूस' या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन सांगा.

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(१) रानपिंगळ्याचे जगात अवघे ........ नमुने होते.
(२) अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची स्थापना ........ साली झाली.
(३) मूळ पाहिल्याशिवाय ........ देऊ नये.

प्र. ४. भाषाभ्यास
(अ) तारीख, कागद, नक्कल, सनद, मालक हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एक वाक्य लिहा.
(आ) 'दाखला' या शब्दाचा मराठीतील अर्थ आणि उर्दूतील अर्थ यांतील फरक सांगा.
(इ) पुढील वाक्ये भूतकाळात लिहा.
(१) ती लेखाचा सारांश वाचते.
(२) संगणक सर्व लेख दाखवतो.

प्र. ५. उपक्रम
आपल्या गावातील एखाद्या पक्ष्याविषयी किंवा पिकाविषयी पाच गोष्टी मिळवा. प्रत्येक गोष्टीपुढे संदर्भ लिहा. वर्गातील मित्राची वही घेऊन त्याने दिलेला एक संदर्भ स्वतः तपासून पाहा.